बांधकामावर शिकलेला माणूस कशाला हवा?



आपल्या माण-हिंजवडी भागात शेतांच्या जागी इमारती उभ्या राहतायत. बरेच पालक स्वतःच्या जागेवर भाड्याच्या खोल्याही बांधतात. तेव्हा एक वाक्य हमखास ऐकू येतं, "वीस वर्षांचा अनुभवी मिस्त्री आहे की! डिप्लोमावाल्याला वेगळा पगार कशाला?" या प्रश्नाचं उत्तर नीट समजून घेऊ.

ओळंबा धरणं, वीट लावणं, गिलावा करणं ही हातातली विद्या आहे. ती पुस्तकातून येत नाही, म्हणून मिस्त्रीचा मान मोठाच. पण काही गोष्टी नजरेला दिसत नाहीत. त्या मोजाव्या, वाचाव्या आणि लिहून ठेवाव्या लागतात.

१) पाण्याचं प्रमाण : पाणी आणि सिमेंटचं प्रमाण ०.५० ठरलं असेल, तर ५० किलोच्या पोत्याला २५ लिटर पाणी लागतं. माल सैल व्हावा म्हणून कुणी १० लिटरची एक बादली जास्त ओतली, की प्रमाण ०.७० होतं. माल पसरायला सोपा जातो, पण काँक्रीटची ताकद घटते. वरून मात्र स्लॅब तसाच दिसतो.

२) दिवसांचा हिशोब : भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान ७ दिवस पाणी मारायचं असतं, मिश्र सिमेंट असेल तर १० दिवस. ४.५ मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू किमान १४ दिवस काढायचे नाहीत. मिश्र सिमेंटला त्याहून जास्त दिवस लागू शकतात.

३) नोंद : स्लॅब भरताना त्याच मालाचे १५० मिलिमीटरचे ठोकळे भरून ठेवतात आणि साधारण ७ व २८ दिवसांनी दाबून तपासतात. कुठला ठोकळा कुठल्या स्लॅबचा, हे लिहिलंच नसेल तर तपासणीला अर्थ उरत नाही.

हा विचार काही नवा नाही. पुण्यात १८५४ साली इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू झाला, तो सरकारी बांधकामांवर देखरेख करणारी माणसं तयार करण्यासाठीच. त्याचंच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालं. आज दहावीनंतर तीन वर्षांचा सिव्हिल डिप्लोमा करता येतो आणि त्यानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. बांधकाम व्यवस्थापन शिकवणारी, १९८३ साली स्थापन झालेली 'निकमार' ही संस्था तर शेजारी बालेवाडीतच आहे.

त्याच बालेवाडीत २९ जुलै २०१६ रोजी बांधकाम चालू असलेल्या इमारतीचा स्लॅब कोसळून ९ मजूर गेले. २९ जून २०१९ रोजी कोंढव्यात मजुरांच्या झोपड्यांवर भिंत पडून १५ जण गेले, त्यात लहान मुलंही होती. नुसत्या पदविकेने असे अपघात टळतात असं नाही. पण धोका ओळखणारा आणि "काम थांबवा" म्हणणारा माणूस जागेवर असावा लागतो.

म्हणून माणूस नेमताना फक्त प्रमाणपत्र पाहू नका. त्याच्यापुढे नकाशा ठेवा आणि सळया किती, कुठे, किती अंतरावर हे विचारा. आधीच्या कामाची नोंदवही दाखवायला सांगा. आणि काम थांबवायचा अधिकार त्याला पहिल्याच दिवशी, ठेकेदारासमोर द्या. अधिकार नसेल तर शिक्षण असून उपयोग नाही.

घर लहान असेल, कायमचा माणूस परवडत नसेल, तर निदान चार वेळा इंजिनिअरला बोलवा : पाया भरण्याआधी, स्लॅबची सळई बांधून झाल्यावर, स्लॅब भरताना आणि टेकू काढण्याआधी. मिस्त्री आणि इंजिनिअर दोघांनी एकमेकांचं ऐकलं तरच काम पक्कं होतं.

शिक्षक मित्रांनो, वरचं पाण्याचं गणित पाचवी-सहावीच्या वर्गात जरूर घ्या. दशांश अपूर्णांक कशाला शिकायचे, हे मुलांना वेगळं सांगावं लागणार नाही. आपल्या वर्गात बांधकाम मजुरांची मुलंही बसतात. त्यांच्यातलाच एखादा उद्या ती नोंदवही सांभाळू शकतो.