पाडवा, महामार्ग आणि पाणपोई

चैत्र शुद्ध प्रतिपदेस घरोघरी गुढी उभी राहते. अभ्यंगस्नान, कडुनिंबाची कोवळी पाने, साखरेच्या गाठींची माळ, पंचांगश्रवण हे सारे आपण भक्तिभावाने करतो. परंतु ह्याच दिवसासाठी सांगितलेल्या आणखी एका कृत्याचे स्मरण आज फार थोड्या घरांत उरले आहे. ते कृत्य म्हणजे प्रपादान. प्रपा म्हणजे पाणपोई. अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी रचलेल्या ‘धर्मसिंधू’त पाडव्यापासून चार महिने पाणपोई चालविण्याचा विधी आहे, ज्यास तेवढे सामर्थ्य नाही त्याने रोज पाण्याने भरलेला एक घट दान द्यावा, अशी सोयही आहे. ह्या दानाच्या संकल्पात जातीचा, गावाचा वा ओळखीचा प्रश्नच नाही. पाणपोई सर्व भूतमात्रांसाठी सामायिक आहे, असे म्हणूनच ती अर्पण करावयाची.

वर्षाच्या पहिल्याच दिवशी शास्त्रकारांना वाटसरूची तहान का आठवावी? ह्याचे उत्तर घरात बसून जेवढे कळते, त्याहून अधिक ते वाटेवर कळते. म्हणून गेल्या चैत्रात, शुद्ध एकादशीच्या पहाटे, आम्ही गोवंडीहून कोल्हापुरास जाणाऱ्या एका मालमोटारीत चालकाशेजारी जागा मागून घेतली. वाट सुमारे पावणेचारशे किलोमीटरांची. गाडीच्या तोंडाशी पाडव्याचा झेंडूचा हार अद्याप होता, सुकलेला. “पाडवा कुठं साजरा केलात?” असे विचारता चालकदादा म्हणाले, “गाडीलाच हार घातला, नारळ फोडला नि निघालो, साहेब. गाठीही गाडीलाच बांधली. घरी पोचलो तिसऱ्या दिवशी.” आपल्या दारच्या गुढीची गाठ, बांबू, आंब्याचे डहाळे हे सारे कोणाच्या तरी गाडीतून आलेले असते, आणि तो आणणारा मात्र सणाच्या दिवशी रस्त्यावर असतो, हा विचार त्या क्षणी मनाला चटका लावून गेला.

घाटकोपर-मानखुर्द रस्त्याने देवनारची कचराभूमी मागे पडली. १९२७ सालापासून मुंबईचा कचरा येथे येत आहे आणि त्याचे आता डोंगर झाले आहेत. त्या डोंगरांच्या कुशीतील वस्त्यांत भल्या पहाटे हंडे-कळशांच्या रांगा लागल्या होत्या. वसंताचे वर्णन करणाऱ्या कवींनी हे दृश्य पाहिलेले नाही. पण पाण्याचे मोल ज्यांना कळते ते हेच लोक. ह्याच वाटेवर दुकानांच्या वळचणीला ओल्या फडक्याने गुंडाळलेले माठ आम्हांस दिसले. येथील मुसलमान शेजाऱ्यांतही ‘सबील’ म्हणून पाणी पाजण्याची पुण्यकारक रीत आहे. तहानेला पंथ नसतो, हे गोवंडीला शिकवावे लागत नाही.

पुढे वाशीचा खाडीपूल. येथील पहिला पूल १९७३ साली खुला झाला. ओहोटी लागली होती आणि चिखलाच्या पसाऱ्यावर रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ उमटली होती. ह्या खाडीस २०१५ साली रोहितांचे अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली. हे पाहुणे पावसाळ्याच्या तोंडावर परतीच्या वाटेला लागतात. तेही वाटसरूच.

पनवेल, खोपोली मागे टाकून गाडी बोरघाट चढू लागली. उतारांवर पळसाची शेवटची फुले आणि करंजाची नवी पालवी उन्हात चकाकत होती. चालकदादांनी दुरूनच हात जोडले. जुन्या घाटरस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटातून लोहमार्गाची वाट दाखविणाऱ्या आणि त्यांच्याच हातून प्राण गमावलेल्या धनगराचे हे स्थान, अशी आख्यायिका आहे. वाट दाखविणाऱ्याला ह्या भूमीने देवत्व दिले. घाटमाथ्यावर कार्ल्याच्या डोंगरात एकवीरा आईची चैत्री यात्रा नुकतीच पार पडली होती. कोकणपट्टीतील कोळीवाड्यांतून आलेल्या पालख्यांचा गुलाल रस्त्याकडेच्या दगडांवर अद्याप होता.

कार्ल्याची लेणी प्राचीन व्यापारी मार्गावर आहेत. त्याच काळी नाणेघाटात आणि आपल्या बोरिवलीनजीकच्या कान्हेरीत खडक फोडून पाण्याची टाकी घडविली गेली. अशा टाक्यास तेव्हा ‘पोढी’ म्हणत, आणि पोढी दान दिल्याचे लेख कान्हेरीच्या दगडांवर आजही वाचता येतात. अशोकाने रस्त्यांवर वड लावले, विहिरी खणविल्या; पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी (१७२५-१७९५) भारतभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. राज्ये गेली, राजधान्या बदलल्या. पाणी पाजणाऱ्यांची नावे राहिली.

पुणे ओलांडून सातारच्या वाटेला लागलो तेव्हा माथ्यावर ऊन आले होते. रस्ता रुंद झाला, वेग वाढला, पण रुंदीकरणात जुने वड गेले आणि त्यांच्या सावलीतले रांजणही गेले. चालकदादा म्हणाले, “पूर्वी गाडी थांबली की आधी रांजण शोधायचो. आता बाटली विकत घेतो. दिवसाला चार-पाच लागतात.” सातारच्या अलीकडे, महामार्गापासून थोड्या अंतरावर लिंब गावी वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ ह्या काळात बांधविलेली बारा मोटांची विहीर आहे. एकाच वेळी बारा मोटा चालाव्यात एवढे तिचे पाणी, आणि त्या पाण्यावर वाढली आमराई.

सातारा सोडल्यावर सासनकाठ्या दिसू लागल्या. चैत्री पौर्णिमेस जोतिबाच्या डोंगरावर पोहोचण्यासाठी भाविक ह्या उंच, रंगीत वस्त्रांनी नटलेल्या काठ्या घेऊन पायी निघतात. दुरून पाहता वाटते, जणू गावाची गुढीच चालू लागली आहे. ह्याच दिवसांत सासवडची कावड मुंगी घाटाने शिखर शिंगणापूर चढते आणि तिच्या जलाने शंभू महादेवास अभिषेक होतो. रणरणत्या उन्हात देवासाठी पाणी खांद्यावर वाहण्याचे हे दिवस.

कराडच्या अलीकडे सासनकाठीवाल्यांसाठी गावकऱ्यांनी मांडव घातला होता. आत पाण्याचे माठ, गुळाचे खडे. चालकदादांनी गाडी बाजूस घेतली. खाली उतरले, पण मांडवाबाहेरच उभे राहिले. “यात्रेकरूंसाठी आहे ते,” ते हळूच म्हणाले. माठापाशी बसलेल्या म्हाताऱ्या आजींनी ते ऐकले. त्यांनी तांब्या भरला, वर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाल्या, “आरं लेका, तू काय घरात बसून आलास व्हय? घे.” चालकदादांनी वहाणा काढून, दोन्ही हातांनी तो तांब्या घेतला. चार महिन्यांच्या प्रपादानाचा सारा अर्थ आम्हांस त्या एका तांब्यात दिसला.

फाल्गुन वद्य षष्ठी, म्हणजे नाथषष्ठी, पाडव्यापूर्वी नऊ-दहा दिवस येते. रामेश्वरास अर्पण करावयाची गंगेची कावड नाथांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तिची गोडी सर्वांना आहे. पण ती वागण्यात उतरविण्याचा काळ नेमका तिच्या पाठोपाठ येतो, हे सहसा ध्यानी येत नाही. नाथषष्ठी झाली की पाडवा, पाडव्यापासून पाणपोई, पुढे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचे पन्हे आणि अक्षय्य तृतीयेचे उदककुंभदान, अशी ही एकच जलसेवेची साखळी आहे. पन्हे आपण ओळखीच्या सुवासिनींना देतो, ते योग्यच आहे. घट मात्र अनोळखी माणसासाठी आहे.

वाचकहो, ह्या पाडव्यास गुढी उभारून झाली की दाराबाहेर, जिन्याखाली वा फाटकापाशी एक माठ ठेवावा. तो रोज धुवावा, गाळून-उकळून निवविलेले पाणी भरावे, वर झाकण आणि लांब दांड्याचे ओगराळे असावे. पक्ष्यांसाठी एक परळ वेगळा ठेवावा. चाळीत वा गृहसंस्थेत चार घरांनी वार वाटून घेतले तर आषाढापर्यंत हे व्रत सहज तडीस जाते. टपालवाला, सफाई कामगार, भाजीची हातगाडी ढकलणारी बाई, वळणावर थांबलेला मालमोटारीचा चालक, कोण पाणी पिऊन जाईल ते आपणांस कळणारही नाही. कळू नये, हेच ह्या दानाचे पुण्य. नववर्ष आपणां सर्वांस सुखाचे जावो.