दगडात दडलेले आकडे

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली आहे. होडी वाळूपर्यंत येत नाही, म्हणून चपला हातात घेऊन, पाठपिशव्या डोक्यावर धरून मुलं पाण्यात उतरतात. ताईची दोन आणि शेजारची दोन. समोर बेटावर माडांची गर्दी, कोळ्यांची घरं आणि त्यांच्यामागे काळी तटबंदी. काही मिनिटांचाच प्रवास आहे.

ताईने प्रत्येकाला एक कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून दिलाय. त्यावर पूर्वेचा रेखांश पूर्ण लिहिलेला आहे, पण उत्तरेचा अक्षांश अर्धवट: १९ अंश, २७ पूर्णांक अबक मिनिटं. दशांश चिन्हापुढचे ते तीन आकडे किल्ल्यात शोधायचे, फोनमध्ये भरायचे आणि दाखवलेल्या जागी पोचायचं. तिथे एक डबा आहे. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात.

खेळाचा जन्म २००० सालचा. तोवर अमेरिका नागरी वापराच्या जीपीएस संदेशांत मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे व्हायची. २ मे २००० रोजी ती भेसळ थांबली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगन राज्यात, पोर्टलंडजवळच्या रानात एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. आज जगभर लोक असे डबे ठेवतात आणि शोधतात. यातला कोड्याचा प्रकार मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात फोनच्या आधी डोळे लागतात.

होडीवाले काका सुकाणू धरून हे सगळं ऐकताहेत. मोठ्या बोटीवर त्यांच्याकडेही जीपीएस आहे. जाळी कुठे टाकली आणि पाण्याखाली खडक कुठे आहे, ते त्यात नोंदवून ठेवतात. पण त्यांच्या वडिलांनी शिकवलेलंही ते विसरलेले नाहीत. जीवदानीचा डोंगर आणि किनाऱ्यावरची एखादी खूण एका रेषेत धरायची, मागे तुंगारेश्वराची रांग बघायची, की आपण कुठे आहोत ते कळतं. थोरला भाचा विचारतो, "काका, मिनिट म्हणजे किती लांब?" काका म्हणतात, "एक सागरी मैल." म्हणजे १८५२ मीटर. मिनिटाचा हजारावा भाग दोन मीटरहूनही कमी. थोरला कागदावरच्या शेवटच्या 'क'कडे पुन्हा बघतो. एवढंसं अक्षर त्याला दोन मीटरच्या आत आणून सोडणार आहे.

बेटावर उतरताच सुकत्या बोंबलांचा वास येतो. घरांमधली वाट तटाच्या कडेने मोठ्या दरवाजापर्यंत नेते. कमानीच्या दोन्ही अंगांना कोरलेली जनावरं आहेत. हत्ती सगळ्यांना लगेच ओळखू येतो. दुसरा वाघ की सिंह, यावर मुलांचं भांडण जुंपतं. ताई त्यात पडत नाही. ती फक्त वर बोट दाखवते. तिथे देवनागरी शिलालेख आहे.

कागदावरच्या तीन प्रश्नांपैकी दुसरा आणि तिसरा याच लेखावर. हुकूम देणाऱ्याच्या नावात अक्षरं किती? ज्याला हुकूम दिला त्याच्या नावात किती? मुलं माना वर करून एकेक अक्षर लावू लागतात. ऊन तिरपं असल्यामुळे कोरीव रेघांत सावली भरली आहे, त्याचा उपयोग होतो. धाकटीला आधी 'बाजीराव' सापडतो. चार. मग बऱ्याच वेळाने शेजारचा मुलगा ओरडतो, "शंकर!" तीन. थोरला लगेच म्हणतो, "पूर्ण नाव शंकराजी, मग चार." ताई म्हणते, "दगडावर काय आहे ते मोज." पाश्चात्त्यांना मारून समुद्राच्या पोटात लवकर जंजिरा बांध, असा बाजीराव पेशव्यांनी शंकराला दिलेला हुकूम आहे तो. अर्नाळा पोर्तुगीजांकडून मराठ्यांच्या हाती आला तो १७३७ मध्ये. त्यानंतर दोन वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई घेतली. वैतरणेच्या मुखावरचं हे बेट ताब्यात असल्याशिवाय उत्तरेकडून वसईला कोंडणं सोपं नव्हतं.

आत गेल्यावर मात्र किल्ला किल्ल्यासारखा वाटत नाही. भाजीचे वाफे आहेत, झाडं आहेत, पाण्याची पन्हळ आहे. तटाच्या आत लोक शेती करतात. त्र्यंबकेश्वराच्या देवळासमोर दगडी बांधणीचं गोड्या पाण्याचं तळं. पहिला प्रश्न इथला: याला बाजू किती? थोरला लांबूनच "सहा" म्हणून मोकळा होतो. धाकटी प्रत्येक कोपऱ्यावर हात ठेवत फेरी मारते. आठ. सहा धरले असते तर डब्याऐवजी पावणेचारशे मीटर भलतीकडे गेले असते, कारण हा आकडा दशांश चिन्हाला लागूनच आहे. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या बेटावर हे गोडं पाणी नसतं तर शिबंदी टिकली नसती, हे त्या आठ बाजूंना हात लावून आलेल्या मुलीला आता वेगळं समजवावं लागत नाही. सहलीला आलेली माणसं दहा मिनिटांत इथे फोटो काढून परततात. आम्ही तासभर आहोत आणि अजून बुरुजावर चढलेलो नाही.

तटावरून जाताना एका बाजूला कुणीतरी टोकदार दगडाने आपलं नाव कोरून ठेवलेलं दिसतं. मला संताप येतो. आपल्याकडच्या किल्ल्यांना शोधाशोधीचा फार जुना जाच आहे. गुप्तधनाच्या नादाने लोकांनी देवळांचे चौथरे उकरले, जोती हलवली. म्हणून ताईचा नियम मला मोलाचा वाटतो: किल्ल्यात एकही वस्तू ठेवायची नाही, एकही चिरा हलवायचा नाही. प्रश्न किल्ल्याला विचारायचे, डबा बाहेर, मालकाला विचारून. जिओकॅशिंगचा मूळ नियमही डबा पुरू नये, जागामालकाची परवानगी घ्यावी, असाच आहे. पुढे महाराष्ट्रात हा खेळ वाढला तर तो याच वाटेने वाढावा.

८४३. थोरला आकडे भरतो. बाण दक्षिणेला वळतो, समुद्राकडच्या सुट्या गोल बुरुजाच्या दिशेला. मुलं पळत सुटतात. घरांपाशी आल्यावर बाण भरकटतो. आजूबाजूला भिंती आणि माड, त्यामुळे फोन पाच-दहा मीटर पुढेमागे दाखवतो. ताई फोन खिशात ठेवायला सांगते. एका ओटीवर आजी जाळं विणत बसल्या आहेत. मुलं त्यांच्या तुळशीमागे, ओंडक्यांमागे डोकावतात. शेवटी धाकटी समोर जाऊन विचारते, "आजी, तुमच्याकडे आमच्यासाठी काही आहे का?"

आजी सुई खाली ठेवतात आणि आतून स्टीलचा डबा आणतात. डब्यात वही, पेन्सिल आणि थोड्या वस्तू. एक घ्यायची, तिच्या तोडीची दुसरी ठेवायची, असा रिवाज. धाकटी शिंपला उचलते आणि आपली खोडरबराची मासोळी ठेवते. वहीत चौघं नावं आणि तारीख लिहितात. आजी मुलांना पाणी देतात, कुठून आलात विचारतात, आणि वाघ की सिंह या वादात वाघाच्या बाजूने निकाल देतात. थोरल्याला तो मान्य नाही.

त्याच्या डोक्यात पुढचं कोडं सुरू झालंय. वसईच्या किल्ल्यातल्या चर्चमध्ये पोर्तुगीजांच्या थडग्यांवर सालं कोरलेली आहेत, ती घेऊन आकडे बसवायचे. डबा कुणाकडे ठेवता येईल, तो ताईला विचारतो. ताई म्हणते, "आधी तिथल्या कुणाशी ओळख काढ." तो आजींनाच विचारतो, त्यांचं कुणी वसईला आहे का.