घर एक, मालक तीन, अन् गोदामाला नाही म्हणणारी आत्या

आज कोडिंगला सुट्टी. आज घरचंच प्रकरण सांगतो.

वर्धा-आर्वी रस्त्यावरच्या आंजी मोठीत आमच्या आजोबांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं कवेलूचं घर आहे. आजी आधी गेली, मग आजोबा. मृत्युपत्र नाही. मागे बाबा, काकाजी आणि आत्या. काकाजींना पुढच्या दोन खोल्या कापसाच्या गोदामासाठी भाड्यानं द्यायच्यात. आत्या म्हणते, नाही. बाबा गप्प. काकाजींचं म्हणणं, "टॅक्स माझ्या नावानं येते. तिचं तर लग्न झालं."

आता, ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही कर आकारणीची नोंद. त्यावरच्या नावानं मालकी ठरत नाही. आणि अशा घरात मुलीला हिंदू वारसा कायद्यानं १९५६ पासूनच मुलाइतका हिस्सा आहे, लग्न झालेलं असो वा नसो. गोम होती कलम २३ मध्ये: कुटुंब घरात राहत असेल तर भाऊ वाटायला तयार होईपर्यंत बहिणीला वाटणी मागता येत नव्हती. म्हणजे हिस्सा आहे, पण हात लावायचा नाही! हे कलम २००५ च्या दुरुस्तीत गेलं, ९ सप्टेंबरपासून.

वाटणी होत नाही तोवर प्रत्येक वीट तिघांची. मेन ब्रँच एकच, आणि काकाजी कोणाला न विचारता पुश करून राहिले, असं समजा. आत्या कोर्टातून मनाई हुकूम मागू शकते, भाडं आलंच तर आपल्या हिश्शाचा हिशोबही.

सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे बसून ठरवणं आणि वाटणीपत्र करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवणं. नाहीच जमलं तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा.

इथं मात्र एक गणित आहे, मला ते फार उशिरा कळलं. घर नीट वाटता येण्यासारखं नसेल तर १८९३ च्या वाटप कायद्याखाली कोर्ट ते विकायला लावू शकतं. पण विक्री मागणाऱ्यांचा मिळून हिस्सा निम्मा किंवा जास्त हवा. आमच्याकडे प्रत्येकी एक तृतीयांश. एकट्याच्यानं होत नाही. दोघं एक झाले की होते. तेव्हा तिसऱ्याला त्यांचे हिस्से कोर्टानं ठरवलेल्या किमतीत घ्यायची मुभा असते. थोडक्यात, गप्प बसलेले बाबाच निर्णायक. त्यांना हे सांगितलं, तर चहा थंड होईस्तोवर काही बोलले नाहीत.

आणि कोणी रागात आपला हिस्सा बाहेरच्याला विकला तर? राहत्या घरात त्या माणसाला आपल्यासोबत ताबा मागता येत नाही. त्यानं वाटपाचा दावा लावला, तर घरच्यांना त्याचा हिस्सा कोर्टाच्या किमतीत विकत घेता येतो.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर लक्षात ठेवा: स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. आत्याच्या फोनमध्ये हा नंबर मीच सेव्ह करून दिला.

दावा तिनं अजून लावलेला नाही. येत्या रविवारी ओसरीवर बैठक आहे, तिघांचीच. मला चहा करायला बोलावलंय.