सोंड पाहा, मग डबा शोधा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या भाद्रपदात आमच्या मासवणला शेजारच्या वहिनी वाटी घेऊन आल्या. वाटीत दहा-बारा काळपट किडे. "भाऊजी, तांदूळ दोनदा पाखडला, तरी फडताळापाशी रोज हे दिसतातच. मुलगा म्हणतो, पालघरहून धान्यात ठेवायच्या गोळ्या आणतो."

"गोळ्या राहू द्या. आधी किडा कोणता ते पाहू," मी म्हटलं.

किडा तळहातावर घेऊन भिंग लावलं. तिळाएवढा, जेमतेम ३ मिलिमीटर. डोक्यापुढे बारीक सोंड. बोट लावताच पाय आखडून मेल्याचं सोंग. हा सोंडकिडा, घरोघरी त्याला सोंडे किंवा टोके म्हणतात. तो माणसाला चावत नाही.

सोंड नसेल तर किडा वेगळा. पिठा-रव्यातला चपटा, तांबूस तो पिठातला भुंगेरा. मूग-चवळीवर पांढरे ठिपक्यांसारखे अंडे आणि दाण्याला गोल भोक दिसलं, तर तो कडधान्याचा भुंगा.

तांदळातल्या सोंड्याला लिनियसने १७६३ साली नाव दिलं, तेही तांदळावरूनच. मादी सोंडेने दाणा कोरते, आत अंडं घालते आणि भोक चिकट स्रावाने बुजवते. अळी दाण्यातच वाढते. उबदार हवेत साधारण महिनाभरात नवा किडा बाहेर पडतो. म्हणून पाखडलेल्या तांदळातही पुन्हा सोंडे दिसतात. तांदूळ थोडाच असेल तर आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवावा. आतल्या अळ्याही मरतात.

वहिनींच्या तांदळात मात्र पोखरलेला दाणा सापडेना. मग फडताळ रिकामं केलं. तळाशी गेल्या साली न फोडता ठेवलेली चिंच होती. चिंचोके भोकांनी चाळण झालेले! सोंड्यांची एक जात चिंचोक्यांवरच वाढते. चिंच बाहेर काढली, चिंचोके चुलीत घातले, फडताळ पुसलं. पुढे किडे दिसले नाहीत.

आता त्या गोळ्यांविषयी. त्यात अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईड असतं. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो आणि बंद घरात झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. त्यावर उतारा नाही. त्यांचा वापर सरकारी तज्ज्ञ किंवा कीडनियंत्रण करणाऱ्या जाणकारांच्या देखरेखीखालीच करावा, असा नियम आहे. घरातल्या डब्यात त्यांना जागा नाही.

वहिनींच्या घरी तर त्या तांदळात ठेवल्या गेल्या असत्या, आणि किडे होते चिंचेत.