फोटोवर उगवलेलं जंगल

१ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला. तोवर डहाणू तालुक्यातलं गंजाड ठाणे जिल्ह्यात होतं. हे चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे जगाच्या नकाशावर गेलेलं वारल्यांचं गाव. त्या गंजाडला २०१३मध्ये दिल्लीच्या छायाचित्रकार गौरी गिल आल्या आणि वारली चित्रकार राजेश चैत्या वांगड यांच्या घरी राहिल्या.

वांगड यांच्यासोबत फिरून त्यांनी रान, डोंगर, पाणवठे टिपले. फोटो उत्तमच होते. पण चालता चालता वांगड जे सांगत होते, ते त्यात नव्हतं. देव कुठला, झाडं कुठे तुटली, पूर्वी काय घडलं, हे कॅमेऱ्याला कसं दिसणार? मग त्या कृष्णधवल प्रतींवर वांगड यांनी शाईने चित्रं काढली. 'फील्ड्स ऑफ साइट' ही मालिका त्यातून आली.

वारली चित्र एरवी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात. इथे कागदावर बारीक काळी रेघ आहे. कॅमेरा एका जागेवरून एकच क्षण धरतो. वारली चित्रात मात्र पेरणी, लग्न आणि शिकार शेजारी शेजारी चालू असतात. या दोन नजरा एकाच कागदावर भिडतात, ती खरी गंमत.

छापलेल्या वस्तूवर पुन्हा हात चालवण्याची ही रीत पुस्तकांतही आहे. इंग्लंडच्या टॉम फिलिप्स यांनी १९६६मध्ये लेखक मॅलॉक यांची १८९२ची एक विसरलेली कादंबरी घेतली आणि मोजके शब्द ठेवून पानंच्या पानं रंगवली. त्यातून घडलेल्या 'अ ह्यूममेंट' या पुस्तकाची शेवटची आवृत्ती आली २०१६मध्ये. पन्नास वर्षं एकाच पुस्तकावर! पण फिलिप्स झाकत गेले, वांगड भरत गेले. शिवाय मॅलॉकला विचारायची सोय नव्हती. गिल आणि वांगड यांच्या कामावर मात्र नावं दोघांची आहेत. मला हेच जास्त मोलाचं वाटतं.

घरी करून पाहायचं असेल, तर रद्दीतलं जाड पुस्तक घ्या. ग्रंथालयाचं किंवा दुर्मिळ पुस्तक कृपा करून नको. पानं एकमेकांना चिकटवून जाड करताना फेविकॉल फक्त कडांना लावा, नाहीतर कागद सुरकुततो. फोटोवर चित्र काढायचं असेल, तर त्याची प्रत लेझर प्रिंटरवर काढा, कारण इंकजेटची शाई ओल लागली की बहुधा पसरते. आणि चित्रं काढण्याआधी फोटोतल्या जागेजवळ राहणाऱ्या कुणाला तरी तो फोटो दाखवा, ते काय सांगतात ते ऐका.