साखळी आणि शिडी : देशाची फुटबॉल लीग मुलांना कशी समजावून सांगाल?



आपल्या भागात फुटबॉल काय असतो हे मुलांना सांगायची गरज नाही. हुपरीपासून वीसएक किलोमीटरवर कोल्हापूर, आणि तिथं हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवर कोण कुणाशी भिडणार याची चर्चा एसटीपासून चहाच्या गाड्यापर्यंत चालते. पाटाकडील तालीम, प्रॅक्टिस क्लब, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल ही नावं आठवीतल्या पोराला पाढ्यांपेक्षा पक्की असतात. विश्वचषक आला की मेस्सी आणि रोनाल्डोचे फलक आपल्या नेत्यांच्या फलकांना मागं टाकतात. पण त्याच पोराला विचारा, "भारताची सगळ्यात वरची फुटबॉल लीग कोणती आणि ती चालते कशी?" उत्तर येतं, "सर, ती आयपीएलसारखीच, फक्त फुटबॉलची."

हे उत्तर अर्धं बरोबर आहे. जे अर्धं चुकीचं आहे ते समजून घेण्यासारखं आहे, विशेषतः ज्या घरात "मला फुटबॉलरच व्हायचंय" म्हणणारं पोरगं किंवा पोरगी आहे त्या घराने.

सुरुवात शब्दापासून करू. लीगला आपण मराठीत साखळी स्पर्धा म्हणतो. हुपरीच्या मुलाला साखळी वेगळी शिकवावी लागत नाही, घरात आई नाहीतर आजी पैंजणाच्या कड्या जोडताना त्याने पाहिलेली असते. प्रत्येक कडी दुसरीत अडकलेली. साखळी स्पर्धेत तसाच प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो. याच्या उलट बाद पद्धत. हरलास की पिशवी उचल आणि घरी जा.

फळ्यावर १६ संघ लिहा आणि वर्गाला विचारा, बाद पद्धतीत एकूण सामने किती? मुलं आठ, चार, दोन, एक अशी बेरीज करून १५ म्हणतात. मग एखादी हुशार मुलगी सांगते की एका सामन्यात एकच संघ बाद होतो, विजेता सोडून १५ जण बाद व्हायचे म्हणजे १५ सामने, बेरीज कशाला? (अशी मुलगी प्रत्येक वर्गात एक असतेच.) आता खरा प्रश्न विचारा : यातले किती संघ एकच सामना खेळून घरी गेले? आठ. म्हणजे वर्षभर सराव केलेल्या निम्म्या संघांचा हंगाम पहिल्याच दिवशी संपला. हेच १६ संघ साखळी पद्धतीने एकेकदा खेळले तर सामने होतात १२०, आणि प्रत्येक संघाला १५ सामने मिळतात. पोरगं शिकतं ते या १५ सामन्यांत. एका सामन्यात नशीब चालतं, पंधरात चालत नाही.

लीगचा जन्मही याच अडचणीतून झाला. इंग्लंडमध्ये क्लब होते, प्रेक्षक होते, पण सामन्यांचा भरवसा नव्हता. ठरलेली लढत ऐनवेळी रद्द व्हायची, कारण समोरच्या संघाचा कुठल्यातरी चषकाचा सामना निघायचा. खेळाडूंना पैसे तर द्यायचे, मग तिकीटबारी चालणार कशी? ॲस्टन व्हिला क्लबशी संबंधित विल्यम मॅकग्रेगर या कापड दुकानदाराने १८८८ मध्ये पुढाकार घेतला आणि १२ क्लबांची फुटबॉल लीग उभी राहिली. ठरलेल्या तारखा, ठरलेले सामने, प्रत्येकाची एक घरच्या आणि एक बाहेरच्या मैदानावर लढत. दुकानदाराचीच बुद्धी ती. मालाला गिऱ्हाईक हवं तर दुकान रोज ठरल्या वेळी उघडलं पाहिजे.

गंमत बघा, त्याच १८८८ साली आपल्याकडे सिमल्यात ड्युरंड चषक सुरू झाला. आशियातली ही सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा. पण तो चषक होता, लीग नव्हती. कोलकात्यात, गोव्यात, मुंबईत स्थानिक लीग जोरात चालल्या, पण देशभरातल्या क्लबांची राष्ट्रीय लीग यायला १९९६ उजाडलं. मधली १०८ वर्षं वजा करायला मुलांना सांगा, आकडा त्यांच्या लक्षात राहील.

इथवर साखळी झाली. लीगचा दुसरा अर्धा भाग म्हणजे शिडी, आणि आयपीएलपेक्षा फुटबॉल वेगळा आहे तो इथं.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २० संघ. हंगाम संपला की तळाचे तीन संघ खालच्या लीगमध्ये उतरतात आणि खालून तीन वर येतात. तिच्याही खाली आणखी पायऱ्या आहेत. लेस्टर सिटी हा क्लब २००८-०९ मध्ये तिसऱ्या पायरीवर खेळत होता, २०१५-१६ मध्ये तो देशाचा विजेता झाला. आणि २०२२-२३ संपताना पुन्हा खाली गेला! यामुळे तळाच्या संघाचा शेवटचा सामनाही जीव तोडून खेळला जातो. आयपीएलमध्ये शेवटच्या क्रमांकावर आलात तरी पुढच्या वर्षी जागा पक्की, आणि तुमच्या गावचा संघ कितीही चांगला असला तरी त्याला तिथं दार नाही. वरचा गट, खालचा गट, वर चढणं, खाली घसरणं हे आपल्या कोल्हापूरच्या फुटबॉलवाल्यांना नवं नाही. १९४० मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, म्हणजे केएसएच्या लीगमुळे पेठापेठांतल्या पोरांना ही भाषा कळते. तालमीचा संघ खालच्या गटात गेला तर आख्खी गल्ली सुतकात.

आता भारताची लीग. १९९६-९७ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली, पहिला विजेता पंजाबचा जेसीटी. २००७-०८ पासून तिच्या जागी आय-लीग आली. तिची पहिली सहा विजेतेपदं गोव्यात गेली, धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा आणि साळगावकर एकदा. एवढ्याशा राज्याचा हा दबदबा होता. मग २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल अवतरली. आठ शहरांचे नवेकोरे संघ, सिनेमा आणि क्रिकेटमधले मालक, टीव्हीवर झगमगाट. ती आली आय-लीगच्या शेजारी आणि काही वर्षांत आय-लीगच्या डोक्यावर जाऊन बसली. सुरुवातीला तिला शिडीच नव्हती. पैसे भरून जागा मिळायची, खेळून नाही.

गोव्याच्या क्लबांना हे झोंबलं. आय-लीग दुसऱ्या पायरीवर ढकलून वरच्या लीगचं दार बंद ठेवायचा आराखडा २०१६ मध्ये पुढं आला, तेव्हा धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दी गोवा हे तिन्ही आय-लीगमधून बाहेर पडले. मला त्यांचं म्हणणं पटतं. पहिला नंबर काढूनही पुढच्या वर्गात घेणार नसतील तर कुठला विद्यार्थी अभ्यास करेल?

ते दार पुढं किलकिलं झालं. आय-लीग जिंकून २०२३ मध्ये पंजाब एफसी आणि २०२४ मध्ये मोहमेडन स्पोर्टिंग आयएसएलमध्ये चढले. धेंपोही खालच्या पायरीवरून खेळत खेळत २०२४-२५ च्या आय-लीगमध्ये परतला. पण २०२४-२५ च्या हंगामापर्यंत आयएसएलमधून कुणी खाली उतरलं नाही. वर जायची शिडी होती, उतरायची नाही, अशी ही तोवरची अर्धी शिडी. त्याच हंगामात आय-लीगचा विजेता मैदानावर ठरलाच नाही. चर्चिल ब्रदर्स की इंटर काशी हा वाद स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादापर्यंत गेला आणि जुलै २०२५ मध्ये निकाल इंटर काशीच्या बाजूने लागला. बक्षीस समारंभ उरकल्यावर निकालपत्रक बदलावं लागलं तर शाळेत काय होईल याची कल्पना करा.

आपल्या महाराष्ट्राचं काय? इथं मात्र मन खट्टू होतं. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली, २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला, दोनतीन वर्षांत तोही बंद. पुण्याचाच भारत एफसी एक हंगाम खेळला. मुंबई एफसी २०१७ नंतर दिसला नाही. आयएसएलमधला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. वरच्या लीगमध्ये राज्याचा एकच संघ तगला, मुंबई सिटी, आणि त्याने २०२०-२१ आणि २०२३-२४ असे दोनदा आयएसएल चषक जिंकले. यातले बरेचसे संघ हरले म्हणून बंद पडले नाहीत. मालकाचं मन किंवा हिशेब बदलला म्हणून पडले. तालमीचा संघ गल्लीचा असतो, वर्गणीवर चालतो, हरला तरी पुढच्या वर्षी उभा राहतो. कंपनीचा संघ कंपनीचा असतो.

मग २०२५ साल आलं. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये १५ वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांचा करार करून लीगचे व्यावसायिक हक्क एका कंपनीला दिले होते. करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार, पुढचं काहीच ठरलेलं नाही, म्हणून जुलैमध्ये आयोजकांनी हंगाम स्थगित ठेवला. ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीसारख्या तगड्या क्लबाने मुख्य संघाचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवले. देशातल्या सगळ्यात वरच्या लीगचे खेळाडू घरी बसून! अखेर जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारीपासून छोटा हंगाम होईल असं जाहीर केलं, १४ संघ आणि ९१ सामने.

हा आकडा वर्गात सोडू नका. २०२४-२५ मध्ये १३ संघ प्रत्येकाशी दोनदा खेळले : १३ गुणिले १२, म्हणजे १५६ सामने. छोट्या हंगामात १४ संघ प्रत्येकाशी एकदाच : १४ गुणिले १३ भागिले २, म्हणजे ९१. प्रत्येक संघाचे सामने २४ वरून १३ वर आले. बाकावर बसणाऱ्या १९ वर्षांच्या पोराला संधी मिळणार ती अशाच सामन्यांत, आणि तेच जवळपास निम्मे झाले.

आता पालकांशी थोडं बोलू. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचं उदाहरण मुलं हमखास देतात, आणि द्यावंच. २०१७ चा १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, त्यात तो देशाकडून खेळला. पुढं इंडियन ॲरोज, मग जमशेदपूर, मग हैदराबाद. मार्च २०२२ मध्ये हैदराबादने आयएसएल चषक जिंकला त्या संघात तो होता. आपल्या मातीतलं पोरगं देशाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर! पण त्याच्या वाटेवरच्या संघांची नावं पुन्हा वाचा. इंडियन ॲरोज २०२२ मध्ये बंद झाला. हैदराबाद एफसी २०२५ मध्ये दिल्लीला हलला, नावसुद्धा बदललं. खेळाडू खरा होता, पायरीच हलत होती.

म्हणून "फुटबॉल खेळू नको, कामाला बस" असं सांगा म्हणता? नाही, नाही. चांदीचा भाव चढला की मजुरीचं काम कमी होतं हे हुपरीला कुणी शिकवायला नको, म्हणून काय आपण काम शिकवायचं सोडत नाही. फक्त पोराच्या डोळ्यांसमोर एकटी वरची पायरी ठेवू नका. त्याची पहिली शिडी जवळच आहे. शाळेचा संघ, हातकणंगले तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. सुब्रतो चषकाची वाट याच पायऱ्यांवरून जाते, आणि १७ वर्षांखालील मुलींसाठीही तो आहे. (मुलींच्या संघाला अकरा जणी जमत नाहीत ही सबब आपण शिक्षकांनी आता बंद करायला हवी. जमवल्या तर जमतात.)

ठरलेल्या स्तरावर खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण दोन्हीकडे कागद बोलतो. स्पर्धा कुणी घेतली, कोणत्या स्तराची होती, प्रमाणपत्रावर नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळते का, हे त्याच आठवड्यात तपासा. नोकरीच्या वेळी प्रमाणपत्राची पडताळणी होते, तेव्हा दहा वर्षांपूर्वीची चूक दुरुस्त करायला हेलपाटे घालावे लागतात. एखाद्या खासगी अकादमीने "थेट आयएसएलमध्ये घालतो" म्हणून फी मागितली तर एवढंच विचारा : तुमच्या मुलांना वर्षात किती सामने खेळायला मिळतात, आणि कोणत्या लीगमध्ये? आकडा सांगता आला नाही तर पैसे खिशातच राहू द्या.

शिक्षकांसाठी एक उपक्रम. पाचवी ते आठवीच्या प्रत्येक वर्गाचा एक असे चार संघ करा, शनिवारी सकाळी दोन सामने. प्रत्येकाची प्रत्येकाशी दोनदा लढत, म्हणजे १२ सामने, सहा शनिवार. विजयाला ३ गुण, बरोबरीला १, गुण सारखे झाले तर केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा. तक्ता मुलांनीच भरायचा आणि वर्गाबाहेर लावायचा. पाचवीची पोरं आठवीपुढं टिकणार नाहीत, म्हणून प्रत्येक संघात चारही वर्गांची मुलं मिसळलेली बरी. उणे गोलफरक आला की ऋण संख्यांचा धडा आपोआप होतो. पाऊस आला तर सामना रद्द करू नका, पुढची तारीख त्याच दिवशी तक्त्यावर लिहा.