उसाची वाहतूक आणि ट्रॅक्टरची चाके

दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला, की तीर्थपुरीच्या रस्त्यांवर रात्रंदिवस उसाची वाहतूक चालू राहते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी अंबड व घनसावंगी तालुक्यांत पोहोचल्यावर गोदाकाठच्या या पट्ट्यात ऊस वाढला, आणि तीर्थपुरी व अंकुशनगर येथील कारखान्यांकडे तो नेण्याचे काम बऱ्याच अंशी ट्रॅक्टर-ट्रॉलीकडे आले. फडातील भुसभुशीत काळ्या मातीतून निघालेली भरलेली ट्रॉली थोड्याच वेळात डांबरी रस्त्यावर येते. मागून दुचाकीस्वार येत असतात, कडेने शाळकरी मुले चालत असतात. अशा वेळी चाक निखळले अथवा टायर फुटला, तर होणारी हानी केवळ मालकापुरती राहत नाही.

चाकाचा भार नटबोल्टच पेलतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः नट आवळला असता बोल्ट अत्यल्प ताणला जातो व तो ताण चाकाच्या तबकडीस हबवर दाबून धरतो. या दोन पृष्ठभागांतील घर्षणच भार पेलते. नट सैल पडला की ही पकड सुटते, तबकडी हबवर किंचित सरकू लागते आणि प्रत्येक फेऱ्यागणिक बोल्टवर घाव बसतो. मग भोके लांबट होतात व बोल्ट एकामागून एक तुटतात. नटाभोवती तांबूस गंजाचा ओघळ दिसणे ही याची पहिली खूण होय.

म्हणून चाक बसविण्यापूर्वी तबकडी व हब यांवरील चिखल, गंज आणि रंगाचे पोपडे खरवडून काढावेत. मध्ये राहिलेला हा थर पुढे दबून झिजतो, आणि कितीही जोराने आवळलेला नट आपोआप ढिला होतो. नटाची निमुळती बाजू भोकाच्या खोबणीत नीट बसली पाहिजे. नट प्रथम हाताने फिरवावेत. नंतर एक आवळला की त्याच्या समोरचा, अशा क्रमाने दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत; पाच नटांचे चाक असल्यास एक सोडून एक. ओळीने आवळल्यास चाक तिरके बसते. शेवटचा आवळ चाक जमिनीवर टेकल्यानंतर द्यावा.

पान्याला लांब नळी लावून तीवर उभे राहण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. तिने बोल्ट कायमचा ताणला जातो व पुढे पकड धरत नाही. ट्रॅक्टरसोबतच्या पुस्तिकेत आवळाचे माप दिलेले असते. गॅरेजमध्ये टॉर्क पाना असल्यास त्याने तेवढाच आवळ द्यावा. पुस्तिकेत सांगितले नसेल तर आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये, कारण तेवढ्याच जोरात बोल्ट अधिक ताणला जातो. चाक बसविल्यावर पहिल्या खेपेनंतर व पुन्हा दुसऱ्या दिवशी नट तपासावेत. मागच्या मोठ्या चाकांत तबकडी व रिम जोडणारे वेगळे बोल्ट असतात. त्यांची आठवण बहुधा कोणालाच राहत नाही!

हवेच्या बाबतीत ‘टायर टणक दिसला म्हणजे झाले’ हा हिशेब चालत नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये शेतकामासाठी साधारणतः १२ ते १४ पौंड हवा पुरते, रस्त्यावरील वाहतुकीस १६ ते १८ पौंड लागते. पुढच्या लहान टायरना २५ ते ३० पौंड. नेमका आकडा पुस्तिकेतूनच घ्यावा. शेतात कमी हवेचा टायर पसरतो, भार अधिक जागेवर वाटला जातो आणि काळी जमीन कमी दबते. परदेशात शेतावर फिरविल्या जाणाऱ्या एटीव्ही या लहान चारचाकी गाड्यांत तर बहुधा पाच-सात पौंडच हवा भरतात, ती याच कारणाने. परंतु तोच मऊ टायर भार घेऊन डांबरी रस्त्यावर धावला, की त्याच्या बाजू सतत दुमडून तापतात व चिरतात. कधी टायर रिमवर घसरून वॉल्व्हच उपटला जातो. उलट हवा जादा झाली तर टायर मधोमध झिजतो, आणि खड्ड्यात आदळल्यावर फुटण्याचा संभव वाढतो.

ट्रॉलीच्या टायरना ट्रॅक्टरच्या टायरपेक्षा पुष्कळच अधिक दाब लागतो. टायरच्या बाजूवर कमाल भार व दाब कोरलेला असतो. तो ओलांडू नये. दाब सकाळी, टायर थंड असताना मापकाने पाहावा. धावून तापलेल्या टायरचा दाब वाढलेला असतो; तो पाहून हवा सोडली, तर टायर थंड झाल्यावर हवा कमी पडते. मागच्या टायरमध्ये वजनासाठी पाणी भरले असेल, तर वॉल्व्ह वरच्या बाजूस आणून मगच माप घ्यावे.

ही सर्व तपासणी ट्रॉली भरण्यापूर्वी, शक्यतो कठीण जमिनीवर करावी. फडात भरून उभ्या राहिलेल्या ट्रॉलीखाली जॅक लावला, की तो काळ्या मातीत रुततो आणि तिरका होऊन निसटतो. तशी वेळ आलीच, तर आधी ऊस उतरवून घ्यावा, जॅकखाली रुंद फळी द्यावी, उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत आणि ट्रॉलीखाली कोणालाही जाऊ देऊ नये.